गल्लीतले कुत्रे घरचे करताना

भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री साधारण 63 दिवसांनी विते. त्यामुळे दिवाळी उलटली की सांगलीत, मिरजेत आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वाळूच्या ढिगांवर, बंद टपऱ्यांखाली आणि अर्धवट बांधकामांच्या जिन्यांत पिल्ले दिसू लागतात, आणि त्याच सुमारास घराघरांत मुलांचा हट्ट सुरू होतो. मोकाट कुत्रे दत्तक घेण्याचा विचार बहुतेक कुटुंबांत असाच, पिल्लाच्या तोंडाकडे बघून, मनात येतो. हे मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आहे. मात्र त्यातला पहिलाच सल्ला पिल्लाच्या विरोधात जाणारा आहे. घरात यापूर्वी कधी कुत्रे नसेल, दिवसा घरी थांबणारे कोणी नसेल किंवा घरात वयोवृद्ध माणसे असतील, तर पिल्लू आणण्याऐवजी आपल्याच गल्लीत राहणारे, माहितीतले, दोन-तीन वर्षांचे कुत्रे घरी आणावे.

प्रौढ कुत्र्याचा स्वभाव आपल्याला आधीच ठाऊक असतो, हा यातला सर्वांत मोठा फायदा आहे. कोणत्या कुत्र्याला लहान मुले चालतात, कोणते दुचाकीमागे धावते, फटाका वाजला की कोणते कुठे दडी मारते, हे गल्लीत राहणाऱ्याला न विचारताच कळलेले असते. पिल्लाबाबत यातले काहीच सांगता येत नाही. शिवाय आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू पुढे चावरे किंवा भित्रे होण्याची शक्यता वाढते, कारण चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठे थांबायचे हे ते आई व भावंडांमध्येच शिकते. आई मेलेली आहे किंवा पिल्लू रस्त्याच्या मधोमध सापडले आहे, अशा वेळी अर्थातच हा नियम बाजूला ठेवावा लागतो. एरवी पिल्लूच हवे असेल, तर आई जिथे व्याली असेल तिथे पिल्ले दोन महिन्यांची होईपर्यंत आईला खाणे-पाणी द्यावे आणि पिल्लू त्यानंतरच उचलावे.

कुत्र्याची निवड

भडंगाच्या दुकानाच्या पायरीखाली दिवसभर पसरलेली एखादी तांबडी कुत्री तुमच्या मनात भरली आहे, असे समजू. तिच्या एका कानाला खाच आहे किंवा कानाचे टोक सरळ कापलेले आहे का, हे आधी बघावे. नसबंदी झालेल्या मोकाट कुत्र्याची ओळख पटावी म्हणून ही खूण शस्त्रक्रियेच्या वेळीच केली जाते, आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते. पण ती लस कधी दिली हे खुणेवरून कळत नाही, म्हणून घरी आणल्यावर लस पुन्हा द्यावीच. त्यानंतर काही दिवस ठरलेल्या वेळी तिला खायला घालावे. जवळ जाताना समोरून वाकून डोक्यावर हात नेऊ नये; थोडे अंतर राखून, अंग तिरके करून उकिडवे बसावे, नजर तिच्या डोळ्यांत न रोवता बाजूला ठेवावी आणि हात जमिनीलगत सैल सोडावा. शेपूट खालच्या बाजूला सैल हलवत, कान मागे घेऊन, अंगाची थोडी कमान करत ती जवळ आली, हात हुंगला आणि तिथेच थांबली, तर सुरुवात चांगली झाली. शेपूट ताठ, तोंड घट्ट मिटलेले आणि नजर स्थिर असेल, तर शेपटीचे टोक हलत असले तरी मागे सरावे. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खुशीत आहे, हा समज चुकीचा आहे आणि लहान मुलांना बऱ्याचदा त्यामुळेच कुत्रे चावते.

ज्या कुत्र्याने गेल्या दहा दिवसांत कोणाला चावा घेतला असेल, ते त्या काळात घरी आणू नये. चावताना ज्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो, ते साधारण दहा दिवसांच्या आत आजाराची लक्षणे दाखवून मरते. म्हणूनच डॉक्टर चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. नजर ठेवायची म्हणून माणसाची लस मात्र थांबवायची नसते.

गल्लीत अचानक पॉमेरियन, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड दिसले, तर ते टाकून दिलेले आहे असे लगेच गृहीत धरू नये. ते हरवलेलेही असू शकते. आसपासच्या दवाखान्यांत आणि औषध दुकानांत त्याचा फोटो द्यावा, पोलीस ठाण्यात तोंडी तरी कळवावे आणि मालक मिळत नाही याची खात्री पटल्यावर पुढचे ठरवावे. अशी कुत्री रस्त्यावर गावठी कुत्र्याइतकी तग धरत नाहीत, त्यामुळे शोध चालू असताना त्यांना तात्पुरता आसरा देणे योग्य ठरते.

घरातला आणि बाहेरचा होकार

गावठी कुत्रे नीट सांभाळले तर बारा-पंधरा वर्षे सहज जगते. आज दहावीत असलेली मुलगी तोपर्यंत नोकरीला लागून पुण्या-मुंबईला गेलेली असेल. म्हणून कुत्रे कोणासाठी आणले जात आहे यापेक्षा ते कोण सांभाळणार आहे, हे आधी ठरवावे. सकाळी सहाला बाहेर कोण नेणार, रात्रीची फेरी कोणाची, जत्रेला किंवा लग्नाला सगळे गावी गेले तर ते कोणाकडे राहणार, या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या नावांसह द्यावीत. ‘बघू या’ हे उत्तर धरू नये. घरातल्या कोणाचा ठाम विरोध असेल, तर कुत्रे आणल्यावर तो मावळेल या भरवशावर राहू नये. तो कधी कधी मावळतोही, पण मावळला नाही तर त्याची झळ कुत्र्याला बसते.

भाड्याचे घर असेल तर घरमालकाची संमती लेखी घ्यावी. सदनिका स्वतःची असेल, तर केवळ सोसायटीच्या ठरावाने पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही जिन्यात आणि आवारात कुत्रे पट्ट्याला बांधलेले असणे आणि त्याची घाण स्वतः उचलणे, एवढे शेजारधर्म म्हणूनही पाळावे. कागदाच्या तुकड्यांची पुडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी खिशात ठेवायला काहीही खर्च येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे सांगलीत महानगरपालिकेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून मोकाट कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. ‘दिवसा घरी आणि रात्री गल्लीत’ ही आपल्याकडची जुनी रीत या अटीत बसत नाही. कुत्रे घरचे केले की ते पूर्णपणे घरचे करावे, महानगरपालिकेकडे त्याच्या नोंदणीची व परवान्याची चौकशी करावी आणि त्याच्या गळ्यात आपला दूरध्वनी क्रमांक असलेला बिल्ला अडकवावा.

डॉक्टरांची पहिली भेट

कुत्रे घरात घेण्यापूर्वी त्याला आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. निदान ज्या दिवशी घरी आणायचे त्याच दिवशी न्यावे. घरात दुसरे कुत्रे असेल तर यात कोणतीही सवलत घेऊ नये. पशुसंवर्धन विभागाची जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये आणि तालुक्याचे दवाखाने आहेत, खासगी डॉक्टर आहेत, आणि गुंतागुंतीचा आजार असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे. त्या पथकाचे मुख्य काम गाई-म्हशींचे असले, तरी खेडेगावात राहणाऱ्यांनी तो जवळ ठेवावा.

पहिल्या भेटीत डॉक्टरांकडून वजन, ताप, कातडी, कान, दात आणि हिरड्या तपासून घ्याव्यात. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट असतील, कुत्रे मलूल असेल आणि अंगावर गोचीड असतील, तर रक्ताची तपासणी करण्याचा आग्रह धरावा. आपल्याकडच्या कुत्र्यांना गोचीड-ताप फार सर्रास होतो. त्यात रक्तातल्या पेशी नष्ट होतात, नाकातून रक्त येते, कधी पाय सुजतात, आणि वेळेत ओळखला तर तो औषधाने बरा होतो. नुसता ताप उतरवण्याच्या गोळीवर भागवले, तर कुत्रे काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा खालावते. माणसासाठी घरात असलेली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये.

गोचीड काढताना ते चिमट्याने अगदी कातडीलगत धरावे आणि न पिळता सरळ, सावकाश ओढावे. रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये. काढलेले गोचीड बोटांत चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावे. अंगावर जेवढे दिसतात त्याच्या कितीतरी पट गोचीड भिंतींच्या भेगांत, पायपुसण्याखाली आणि गोठ्याच्या गव्हाणीत दडलेले असतात. म्हणून कुत्र्याच्या औषधाबरोबर त्याची झोपण्याची जागाही साफ करावी लागते. ज्यांच्या दारात गोठा आहे, त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. म्हशीच्या अंगावर फवारायचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगाला लावण्याची पद्धत खेड्यात सर्वत्र दिसते. कुत्रे अंग चाटते आणि औषध पोटात जाते. लाळ गळणे, थरथर आणि झटके यांतून ते दगावूही शकते. कुत्र्यासाठीचे वेगळे थेंब आणि गोळ्या मिळतात, आणि त्यांची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते.

मोकाट कुत्र्यांमध्ये आणखी एक दुखणे फार आढळते आणि त्याबद्दल लोक बोलायला संकोचतात. कुत्रीच्या मूत्रमार्गाजवळून किंवा कुत्र्याच्या लिंगातून महिनोन्‌महिने थेंब थेंब रक्त येत राहते आणि आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लावताच रक्त सुटणारी गाठ असते. ही समागमातून पसरणारी गाठ आहे. तिला ‘कॅन्सर’ म्हणतात हे ऐकूनच अनेक जण कुत्रे परत सोडतात, वास्तविक आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते आणि माणसाला तिचा संसर्ग होत नाही. इंजेक्शननंतरचे काही दिवस कुत्र्याचे मलमूत्र मात्र हातमोजे घालून साफ करावे. खरजेचेही दोन प्रकार आहेत: एक माणसाला तात्पुरती खाज आणतो, दुसरा आणत नाही. कोणता आहे हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेले कुत्रे आढळले, तर जखमेत फिनाईल किंवा रॉकेल ओतू नये. दवाखान्यात अळ्या काढून जखम धुवावी लागते.

लसींचे वेळापत्रक डॉक्टर ठरवतील, पण पालकाला ते माहीत असावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस सुरू होते आणि ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर देतात. पुढे वर्षाला एकदा. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा दुसऱ्या पिल्लांच्या जागी उतरवू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. ओकारी, रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण आणि मलूलपणा दिसल्यावर काही तासांत सलाइन सुरू झाले नाही, तर पिल्लू वाचणे कठीण होते. ज्या घरात पूर्वी पार्व्होने पिल्लू गेले असेल, तिथे फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. फिनाईलच्या वासावर समाधान मानू नये, आणि पुढचे कुत्रे लस पूर्ण झालेलेच आणावे.

नसबंदीबाबत घासाघीस करू नये. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी येण्याचा धोका असतो; नर असेल तर भाद्रपदात तो कुंपणावरून उडी मारून जातो आणि फाटलेला कान घेऊन परत येतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून डॉक्टर सांगतील तेवढा वेळ उपाशी ठेवावे आणि नंतर टाके चाटू नयेत म्हणून जखम बरी होईपर्यंत गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर ठेवावी. ती बघून कीव येते म्हणून काढून टाकली, तर टाके उसवतात.

घरातल्या माणसांसाठीही एक सूचना आहे. कुत्र्याचा दात किंवा नख लागून कातडी खरचटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट यांतले काही लावू नये. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायचे सीरमही लागते, हे आपणहून विचारावे. चेहरा, मान आणि हाताचे पंजे यांवरचा चावा अधिक धोक्याचा असतो.

पहिले आठवडे

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला छत, पंखा, गुळगुळीत फरशी, मिक्सरचा आवाज आणि बंद दार या सगळ्याच गोष्टी नव्या असतात. पहिले तीन दिवस ते खाणार नाही, कोपऱ्यात बसेल किंवा रात्रभर दाराशी कुंथत राहील. त्याला आपली वेळ समजायला साधारण तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. या काळात पाहुण्यांना बोलावून कुत्रे दाखवू नये. त्याला एक ठरलेला कोपरा द्यावा, तिथे जुने पोते किंवा गोधडी अंथरावी, आणि ते तिथे असताना मुलांनी त्याला हात लावू नये, हा घराचा नियम करावा. पहिल्याच दिवशी आंघोळ घालण्याची घाई करू नये. ओल्या फडक्याने अंग पुसले तरी पुरते.

पळून जाण्याचा धोका पहिल्या आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. घाबरलेले कुत्रे मागे सरकत गळपट्ट्यातून डोके काढून घेते, आणि मग त्याला पकडणे अशक्य होते. म्हणून गळपट्ट्याबरोबर छातीभोवतीचा पट्टाही घालावा आणि दोरी त्याला अडकवावी. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. बाहेर नेताना आपल्याच जुन्या गल्लीतून सुरुवात करू नये. तिथली कुत्री आता त्याला परके समजून भुंकतील आणि तेही पूर्वीच्या जागी जाण्यासाठी ओढ घेईल. विश्रामबागच्या बाजूला राहणाऱ्यांनी पहाटे रहदारी नसताना मोठ्या रस्त्याची कडा धरावी. संध्याकाळी वडापावच्या गाड्यांसमोरून कुत्रे नेणे म्हणजे त्याच्या आणि आपल्याही संयमाची परीक्षा आहे.

शी-शू शिकवणे प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत वाटते तितके अवघड नसते, कारण झोपायच्या जागी घाण न करण्याची सवय त्याला उपजत असते. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी एकाच ठिकाणी न्यावे, काम झाले की लगेच एखादा खाऊ द्यावा. घरात घाण केली तर तिथे नाक घासणे, वर्तमानपत्राने मारणे यांतून ते एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करते. जागा पुसताना अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, कारण त्याचा वास लघवीच्या वासाशी मिळतो.

दिवसभर साखळीने बांधून ठेवलेले कुत्रे चावरे होते. राखणीसाठी म्हणून दारात बांधलेल्या कुत्र्याची सगळी ताकद भुंकण्यात जाते आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाचा त्याला राग येऊ लागतो. बांधण्याची गरजच पडली, तर सावली आणि पाणी असलेल्या जागी, थोड्या वेळापुरते, लांब दोरीने बांधावे. प्राण्याला अवाजवी आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे, हेही माहीत असलेले बरे.

खाणे

शहरी घरांत चपाती-दूध आणि खेड्यात शिळी भाकरी-ताक, हा बहुतेक कुत्र्यांचा आयुष्यभराचा आहार असतो. त्यावर कुत्रे जगते, पण अंगावरचे केस जातात आणि हाडे कमकुवत राहतात. ज्वारीची भाकरी किंवा भात हा आधार ठेवायला हरकत नाही. त्याच्या जोडीला उकडलेली अंडी, हाडे काढलेले कोंबडीचे मांस, सुकट किंवा शाकाहारी घर असेल तर पनीर, दही आणि शिजवलेली डाळ यांतून रोज प्रथिने मिळायला हवीत. शाकाहारी आहारावर कुत्रे ठेवायचे असेल तर तो डॉक्टरांना विचारून ठरवावा. पिल्लाला वाटीभर गाईचे दूध दिले की जुलाब होतात, कारण त्यातली साखर त्याला नीट पचत नाही. शिजवलेले हाड उभे फुटून आतड्यात रुतते, म्हणून रविवारच्या मटणातली हाडे त्याच्या पुढ्यात टाकू नयेत.

तांबडा-पांढरा रस्सा किंवा कालची आमटी भाकरीवर ओतून देणे ही सोय वाटते, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. थोडे थोडे रोज पोटात गेले तरी परिणाम साठत जातो. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही वर्ज्य आहेत.

आपल्या जिल्ह्यात याहून मोठा धोका आहे तो द्राक्षे आणि बेदाण्यांचा. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; काही कुत्र्यांना मूठभर बेदाणेही पुरतात आणि कोणाला किती सोसतील याचा अंदाज बांधता येत नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या भागांत हंगामात बेदाण्याच्या शेडखाली गळालेल्या मण्यांचा सडा असतो आणि शेडवरचे कुत्रे तो खात हिंडते. आजवर काही झाले नाही, हा पुरावा नव्हे. शेड असलेल्या कुटुंबाने रॅकच्या खालचा भाग जाळीने बंद करावा आणि घरात शिऱ्यातला बेदाणाही कुत्र्याला देऊ नये. खाल्ल्याचे लक्षात आले, तर ओकारी होण्याची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठावा; मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, त्यानेही विषबाधा होते.

बाग, ऊस आणि पूर

द्राक्षबागेत फवारणी झाली की कुत्र्याला त्या दिवशी बागेत सोडू नये आणि फवारणीचे पिंप, नळ्या, रिकाम्या बाटल्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर असे काही दिसले, तर औषधाच्या बाटलीचे लेबल बरोबर घेऊन दवाखान्यात जावे, कारण उपचार त्या औषधावर ठरतो. उंदराचे विष त्याहून फसवे असते. कुत्रे दोन-तीन दिवस चांगले हिंडते-फिरते आणि मग अंतर्गत रक्तस्राव सुरू होतो.

शिराळा, वाळवा आणि पलीकडे कराड-पाटण या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो, आणि कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि बिबट्या वस्तीच्या जवळ येतो. अशा गावांत अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे पळूही शकत नाही. दिवेलागणीनंतर त्याला घरात किंवा दार बंद होणाऱ्या खोलीत घ्यावे. ‘राखणीला बाहेरच लागते’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आत असलेले कुत्रेही पावलांचा आवाज ऐकून भुंकते.

कृष्णाकाठच्या कुटुंबांनी पुराची तयारी जून संपण्यापूर्वी करून ठेवावी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे. इशारा पातळी जवळ येऊ लागली की माणसांचे सामान हलवण्याच्या आधी कुत्र्याची सोय लावावी, कारण बोटीत आणि निवारा केंद्रात त्याला जागा मिळेलच असे नाही. 2019 आणि 2021 च्या पुराने हे गावभागातल्या अनेकांना शिकवले आहे. उंचावरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाला किंवा मित्राला कोरड्या दिवसांतच विचारून ठेवावे, लसीकरणाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि त्यात कुत्र्याचा अलीकडचा फोटो ठेवावा. काहीही झाले तरी बांधलेले कुत्रे मागे ठेवून घर सोडू नये. पाणी ओसरल्यावर चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुत्र्यालाही होतो आणि त्याच्यापासून माणसालाही. एकत्रित लसीतला लेप्टोचा भाग पावसाळ्याआधी घेऊन ठेवावा असे सांगण्यामागे हेच कारण आहे.

उन्हाळ्यात जत, आटपाडीकडच्या मंडळींनी दुपारच्या फेऱ्या बंद कराव्यात. आपला तळवा डांबरावर काही सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याच्या पायालाही तो चालणार नाही. जीभ लालभडक होऊन धाप थांबेना आणि तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन पोट, काखा आणि पाय साध्या पाण्याने भिजवावेत व वारा घालावा. बर्फाचे पाणी ओतू नये.

जमले नाही तर

सगळे नीट करूनही काही कुत्री घरात रमत नाहीत, किंवा घरात बाळ येते, आजारपण येते, बदली होते. अशा वेळी कुत्रे गाडीत घालून हरिपूर रस्त्याला किंवा दंडोबाच्या डोंगरात सोडून येणे हा बेकायदा आणि निर्दय मार्ग आहे. अनोळखी हद्दीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री जगू देत नाहीत. संस्थेकडून किंवा एखाद्या कार्यकर्त्याकडून घेतले असेल तर आधी त्यांनाच कळवावे. बहुतेकांच्या दत्तकपत्रात तशी अटच असते. स्वतः गल्लीतून आणलेले असेल, तर नवे घर आपणच शोधावे, देण्यापूर्वी त्या घरी जाऊन जागा बघावी, आणि लसीकरणाचे कार्ड, नसबंदीचा कागद व कुत्र्याच्या सवयी लिहिलेले एक पान सोबत द्यावे. त्या पानात वाईट सवयी आधी लिहाव्यात. नव्या कुटुंबाला पंधरा दिवस मुदत द्यावी आणि तोपर्यंत जुनी गोधडी, वाटी, पट्टा हे सगळे त्याच्याबरोबरच राहू द्यावे.